गणितीय मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि प्रोग्रामरचे गणित

गणितीय सॉफ्टवेअर घडविणारा गणितज्ञच असावा लागतो, हा समज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांत आणि काही अंशी अध्यापकांतही रूढ आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेली 'सेज' आणि पायथॉन भाषेत लिहिलेली 'सिम्पाय' या मुक्तस्रोत प्रणालींकडे पाहता हा समज अर्धाच खरा ठरतो.

यांतील काही भाग निर्विवादपणे दुर्गम आहेत. सिम्पाय ज्या रीतीने फलाची सीमा काढते, ती डॉमिनिक ग्रुंट्झ यांच्या १९९६ च्या पीएच.डी. प्रबंधातून आलेली आहे; तो भाग तज्ज्ञांवरच सोपविणे इष्ट. याउलट सेजची ९.० ही आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये पायथॉन ३ वर आली, ते काम बव्हंशी प्रोग्रामरचे होते. मात्र तेथेही गणित डोकावलेच. पायथॉन २ मध्ये भिन्न प्रकारच्या वस्तूंचीही लहान-मोठी अशी तुलना होत असे. पायथॉन ३ ती नाकारते. त्यामुळे कोणत्या गणितीय वस्तूंना मुळात क्रम असतो, हे ठरविणे भाग पडले.

खरी कसोटी याहून साध्या ठिकाणी लागते. 'क्ष' च्या वर्गाचे वर्गमूळ किती? घाईचा प्रोग्रामर 'क्ष' असे लिहून मोकळा होईल. परंतु क्ष = -३ असता वर्ग ९ आणि वर्गमूळ ३ येते. मग उत्तर केवल मूल्य मानावे काय? वास्तव संख्यांपुरते ते बरोबर आहे. क्ष हा काल्पनिक एकक असेल, तर वर्ग -१, त्याचे मुख्य वर्गमूळ पुन्हा तोच एकक, आणि केवल मूल्य मात्र १! म्हणून चलाविषयी काही सांगितले नसेल, तर सिम्पाय ही राशी आहे तशीच ठेवते; चल धन असल्याचे सांगितल्यावरच 'क्ष' हे उत्तर देते. येथे लागणारे गणित बारावीपलीकडचे नाही. लागते ती नियमाची व्याप्ती तपासण्याची सवय. ती नसेल तर प्रणाली बंद पडत नाही, चुकीचे उत्तर देते आणि ते संशोधकाच्या निबंधात निमूटपणे शिरते.

सेजमध्ये प्रत्येक नव्या फलनासोबत उत्तरासह उदाहरणे द्यावी लागतात. ती संगणकाकडून पडताळली जातात व अन्य सहकारी त्यांचे परीक्षण करतो. ऋण संख्या, शून्य, रिक्त संच अशी अडचणीची उदाहरणे सुचविण्यास प्रोग्रामिंगचे जुजबी ज्ञान पुरते. गणित विभागातील अध्यापकाला ते काम संगणक विभागातील विद्यार्थ्याच्या सोबतीने आजही करता येईल.