अलिंदांची थरथर

मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजण्याचा प्रयोग आपण वर्गात नेहमीच करतो. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाच्या नाडीचे मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके भरतात आणि दोन ठोक्यांमधले अंतर जवळजवळ सारखे असते. पण काही जणांची नाडी कोणताच ताल पाळत नाही. एक ठोका लवकर पडतो, दुसरा उशिरा. एक जोरकस, तर एक बोटांना जाणवतही नाही. असे होण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे ‘एट्रियल फिब्रिलेशन’, अर्थात अलिंदांची थरथर. ती कशी निर्माण होते?

हृदयाचा ठोका उजव्या अलिंदातील सायनस नोड या पेशीसमूहात सुरू होतो. तेथून निघालेली विद्युत्‌लहर दोन्ही अलिंदांत पसरते, एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि मग निलयांत उतरते. लहर येऊन गेली की प्रत्येक पेशीला थोडा विसावा लागतो. तेवढ्या वेळात ती पुन्हा उत्तेजित होत नाही. जळून गेलेल्या गवतावर वणवा परत फिरत नाही, तसेच हे आहे.

पण गवत लवकर उगवले तर? थोडे गणित करू. लहरीचा वेग सेकंदाला ८० सेंमी आणि विसावा ०.२ सेकंद धरला, तर पेशी पुन्हा तयार होईपर्यंत लहर १६ सेंमी पुढे गेलेली असते. लहर गोल फिरत राहायची, तर निदान एवढ्या लांबीची वाट हवी. अलिंदात तेवढी जागा सहसा नसते. आता वेग आणि विसावा दोन्ही निम्मे करा. ४ सेंमीची वाट पुरते! वाढते वय, उच्च रक्तदाब, झडपांचे विकार यांमुळे अलिंद ताणले जाते, त्यात तंतुमय ऊती वाढते व लहर मंदावते. मग अनेक लहरी भरकटत, फुटत फिरत राहतात. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते.

१९१४ साली वॉल्टर गॅरी यांनी दाखवले, की थरथरणाऱ्या हृदयस्नायूचे पुरेसे लहान तुकडे केले की थरथर थांबते. मोठ्या हृदयाच्या घोड्यात हा विकार आढळतो, उंदरात आपोआप सहसा होत नाही, हे यावरून समजते. वणव्याची ठिणगी कोठे पडते, हे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी शोधले. बहुतेक वेळा ती फुफ्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये पडते.

एव्ही नोड सगळ्याच लहरी खाली जाऊ देत नाही, म्हणून माणूस वाचतो. खरा धोका वेगळाच आहे. डाव्या अलिंदाला जोडलेल्या लहानशा पिशवीत रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १९७८ च्या अहवालानुसार या विकारात पक्षाघाताचा धोका पाचपटींहून अधिक वाढतो. सोबत संधिवातजन्य हृदयविकार असेल, तर सतरापट!

म्हणून उपचार तीन अंगांनी होतात. पहिले, वॉरफरिन किंवा ॲपिक्सॅबॅनसारखी गुठळीरोधक औषधे. ताल सुधारला तरी ती आपल्या मनाने थांबवायची नसतात. दुसरे, बीटा-ब्लॉकर किंवा डिगॉक्सिन देऊन एव्ही नोडमधली वाहतूक कमी करणे. तिसरे, औषधे किंवा विजेचा नियंत्रित झटका यांनी ताल परत आणणे; अथवा शिरांच्या मुखाभोवतीची ऊती उष्णतेने वा अतिशीत करून निकामी करणे. वनखाते जाळरेषा काढते, तशीच ही रेषा ठिणगी पलीकडे जाऊ देत नाही.

आपल्या देशात संधिवातजन्य हृदयविकाराचे रुग्ण आजही आहेत. झडप अरुंद झालेल्या अशा रुग्णांना वॉरफरिनच्या गटातील जुनी औषधेच अधिक हितकारक ठरतात, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. या विकाराची सुरुवात मात्र शाळेच्या वयात होते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घसा सुजतो, त्यावर वेळेवर उपचार झाले नाहीत तर काही मुलांना संधिवाताचा ज्वर येतो आणि झडपा कायमच्या खराब होतात. पेनिसिलिनने हे टाळता येते. तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलाला ताप आणि घशात दुखणे असेल, किंवा त्याचे सांधे आळीपाळीने सुजत असतील, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. चाळीस वर्षांनंतरची थरथर तेथेच रोखता येईल.