दरीच्या पलीकडे वेगळी पाल: साताऱ्याच्या सड्यांवर नव्या जाती तयार कशा झाल्या?

सातारा : चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या सगळ्यांना दिसतात. त्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या दगडांखाली एक लहानशी पाल राहते, ती मात्र फार थोड्यांनी पाहिली असेल. घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर पळत नाही, जमिनीवरच वावरते. वरद गिरी आणि आरन बाउअर या संशोधकांनी २००८ साली ही नवी जात असल्याचं जाहीर केलं. नाव ठेवलं ‘हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस’, म्हणजे साताऱ्याची पाल.

हिची एक जवळची नातलग खाली कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावावरून १९६३ साली तिची नोंद झाली. तीही सड्यावरची, तीही दगडाखाली राहणारी. राहणीमान सारखं, पण जात वेगळी. मधे उभा आहे सह्याद्रीचा कडा. बोटभर पालीनं तो उतरायचा तरी कसा? आणि उतरली नसेल तर दोन्हीकडे नातलग कसे?

समुद्र नसलेली बेटं

बेट म्हटलं की चारी बाजूंनी पाणी डोळ्यांपुढे येतं. पण सजीवाच्या दृष्टीनं बेट म्हणजे जगता येईल असा तुकडा आणि त्याच्याभोवती जगता येणार नाही अशी जागा. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर ही पठारं या अर्थानं बेटंच आहेत. (सडावाघापूरच्या तर नावातच सडा आहे.) वर उघडा जांभा, वीतभरसुद्धा माती नाही, सावली नाही. खाली उतरलं की लगेच गर्द झाडी, नाहीतर भातखाचरं. माणूस तासाभरात दरी ओलांडून समोरच्या पठारावर जातो. दगडाच्या फटीत जगणाऱ्या पालीला मात्र ते दाट, ओलं रान समुद्रासारखंच.

ही बेटं तयार कशी झाली हेही समजून घेण्यासारखं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याचा झाला काळा कातळ. पुढे लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन या कातळाचा वरचा भाग कुजला, त्यातले बरेच घटक पावसानं धुऊन नेले आणि लोह-ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढत जाऊन जांभा तयार झाला. मग नद्या-ओढ्यांनी जमीन कापायला सुरुवात केली. कोयना, उरमोडी, तारळी यांची खोरी खोल होत गेली आणि सलग भूभागाचे तुकडे पडले. आज समोरासमोर दिसणारी बरीचशी पठारं म्हणजे या झिजेतून मागे उरलेले माथे आहेत.

म्हणून ‘पाल तिकडे गेली कशी’ या प्रश्नाला नेहमी ‘चालत गेली’ हेच उत्तर असेल असं नाही. कधी प्राणी जागेवरच राहतो आणि त्याच्या पायाखालची जमीन दुभंगते. एकाच कुटुंबातले काही जण इकडे राहतात, काही तिकडे. कधी याच्या उलटही होतं. एखादं बी किंवा एखादी गाभण मादी योगायोगानं पलीकडे पोचते आणि तिथं तिचा वंश वाढतो. कोणत्या जातीबाबत काय घडलं याचा अंदाज आता डीएनएवरून बांधता येतो. दोन जाती किती काळापूर्वी विभागल्या ते काढायचं आणि त्या काळी जमीन कशी होती याच्याशी ते ताडून पाहायचं.

घरचं बी आणि गावाचा वाण

वेगळं पडल्यावर पुढे काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला फार कष्ट पडणार नाहीत. पूर्वी ज्वारीचं बी घरचंच धरलं जायचं. चांगली कणसं बाजूला काढायची, पुढच्या साली तीच पेरायची. काही पिढ्यांत या गावची ज्वारी त्या गावच्या ज्वारीपेक्षा वेगळी व्हायची. एकीचा दाणा टपोरा, दुसरीचा कडबा गोड. पठारावर निवड माणूस करत नाही. ती करतात ऊन, पाऊस, शिकारी पक्षी आणि जोडीदार निवडणारी मादी. शिवाय संख्या मुळातच थोडी असेल तर निव्वळ नशिबानंही काही गुण टिकतात, काही कायमचे जातात. दरीपलीकडचं रक्त मिसळत नाही, त्यामुळे फरक पुसला जात नाही. हे लाखो वर्षं चाललं की दोन वाणांच्या दोन जाती होतात.

पाटण तालुक्यातल्या कोयना परिसरातला ‘कोयना टोड’ हा भेक याचं बोलकं उदाहरण. त्याची नोंद १९६३ सालची. २००९ मध्ये एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या आंबोलीतून त्याचा भाऊबंद शोधला आणि दोघांसाठी ‘झँथोफ्राइनी’ ही नवी प्रजातीच मांडली. तिच्यात आजवर या दोनच जाती माहीत आहेत. एक कोयनेकडचा, दुसरा दीडशे किलोमीटरवर आंबोलीचा.

उडणाऱ्या बिया तरी कुठं जातात?

प्राण्यांचं ठीक, पण वनस्पतींच्या बिया तर वाऱ्यावर उडतात. मग त्या एकाच पठारावर का अडकाव्यात? यासाठी दोन नातलगांकडे बघू. बांधावरच्या रुईचं बोंड फुटलं की केसाळ ‘म्हाताऱ्या’ उडतात. पठारांवर, कड्यांवर सापडणारं कंदीलपुष्प हे रुईच्याच कुळातलं. त्याच्या बीलाही तसाच केसांचा झुपका असतो. पण रुई रस्त्याकडेला, पडीक रानात, कुठंही उगवते. कंदीलपुष्पाच्या काही जाती मात्र मोजक्याच जागी दिसतात.

फरक उडण्यात नाही, रुजण्यात आहे. कंदीलपुष्पाच्या लांबट फुलात बारीक माश्या शिरतात, आतल्या उलट्या केसांमुळे अडकतात आणि केस सुकल्यावर पराग घेऊन बाहेर पडतात. म्हणजे नव्या ठिकाणी हवा तसा खडक हवा, पाण्याचं गणित जमायला हवं, योग्य माशी हवी, वर परागासाठी दुसरं झाडही हवं. एवढं सगळं क्वचितच जुळतं. बाकीचं बी वाया जातं.

पठारावरच्या मातीत नत्र फार कमी. म्हणून कासवरची सीतेची आसवं ही देखणी निळी-जांभळी फुलं येणारी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. वायतुरा आठ महिने जमिनीत कंद होऊन पडून राहतो. इतकं एका जागेला सरावलेलं झाड दुसरीकडे नेऊन लावलं तर जगेलच याची खात्री कोण देणार?

‘पलीकडे दुसरं पठार आहेच की’

नेमकी इथं गल्लत होते. कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा बाकीचे सडे म्हणजे नुसतं पडीक माळरान असा एक समज पक्का झाला. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ लिहिलेल्या जमिनीवर मुरूम टाकणं, सुरुंग लावणं, रिसॉर्टसाठी सपाटीकरण करणं कुणाला खटकत नाही. पण बेटांचा हिशेब वेगळा. एका सड्यावरची जात गेली तर समोरचा सडा तिची भरपाई करेलच असं नाही, कारण तिथं कदाचित ती कधी नव्हतीच.

धक्का कुठून बसेल हेही आधी कळत नाही. चाळकेवाडीला गळ्याला निळा, काळा, नारिंगी पंखा असलेला एक सरडा आहे, ‘सरडा सुपर्बा’. २०१६ मध्ये नवी प्रजाती म्हणून मांडताना शास्त्रज्ञांनी तिला मराठी शब्दच दिला. या सरड्यावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आढळले. त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. वरवर बघता चांगलंच झालं. पण हे सरडे अंगानं बारीक होते, त्यांच्या गळ्याचा रंग फिका होता आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. दगडाला कुणी हातही लावला नव्हता, तरी सड्यावरची साखळी हलली होती.

पवनचक्क्या नकोत असा याचा अर्थ नाही. वीज लागतेच, गावाला रोजगारही लागतो. पण कुठला सडा द्यायचा हे ठरवण्याआधी त्यावर काय आहे ते पाहायला हवं, आणि ते पाहायचं तर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. मे महिन्यात गेलं तर वायतुरा दिसणारच नाही. ऑगस्टमध्ये गेलं तर पंखा फुलवून दगडावर बसलेला सरडा बहुधा चुकेल. पर्यटकांपुरतं सांगायचं तर दगड उलटे करून पाहू नयेत. उचललेला दगड परत तसाच बसत नाही आणि खालची ओल गेली की पालीची अंडी सुकू शकतात.