मोठ्या पडद्याचा लॅपटॉप : घेण्यापूर्वी आणि बिघडल्यावर

गेल्या वर्षी आमच्या अम्मींना गुडघ्यांमुळे बैठकीत येऊन बसणे अवघड झाले. पलंगापाशी ठेवता येईल आणि काम झाले की उचलता येईल असा मोठ्या पडद्याचा लॅपटॉप घ्यावा, असे घरात ठरले. दोन दिवसांचे काम वाटले होते. दोन महिने दुकानांचे उंबरे झिजवले. नव्या मालात मोठा पडदा मिळतो तो बहुतेक गेम खेळणाऱ्यांसाठी. ताकदवान चिप, तिला थंड ठेवणारे गरगरते पंखे आणि त्याच मानाने किंमत! निव्वळ सिनेमा पाहणाऱ्याला यातले काय कामाचे? अखेर १७.३ इंची वापरलेला लॅपटॉप घेतला. चार महिन्यांत पडदा काळा झाला.

विकणाऱ्याने हात वर केले. एका दुरुस्तीवाल्याने तर मशीन न उघडताच सांगितले, "चिप गेली, बोर्ड बदला." त्याने सांगितलेली रक्कम लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होती.

"चिप गेली" हे शब्द या धंद्यात तोंडावर का बसले, त्याला इतिहास आहे. २००७-०८ च्या सुमारास कंपन्यांनी खास घरगुती करमणुकीसाठी अवाढव्य लॅपटॉप काढले होते. एचपीचा २००७ चा एचडीएक्स २०.१ इंची होता, वजन सुमारे ७ किलो. मांडीवर घेण्याची सोयच नव्हती. एसरने २००८ मध्ये १८.४ इंची, ब्लू-रे चालणारा आणला. नेमके त्याच वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की लॅपटॉपमधील आपल्या काही चिप्स जास्त प्रमाणात बिघडत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. चिपचा तुकडा डाखाच्या बारीक थेंबांवर बसवलेला असतो. मशीन तापते, निवते, तसतसा त्यांच्यावर ताण येतो आणि एखादा थेंब तडकतो. गरम हवेने तो तात्पुरता जुळतो. काही आठवड्यांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात. आमच्या कारागीर बांधवांनी अशी दुरुस्ती पक्की म्हणून देऊ नये. नाव जाते ते आपले.

आमचे दुखणे मात्र वेगळे निघाले. मोहल्ल्यातल्या एका जाणत्या कारागिराने आधी एचडीएमआय वायरने लॅपटॉप टी.व्ही.ला जोडला. टी.व्ही.वर चित्र स्वच्छ आले. म्हणजे चिप शाबूत. दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. उघडून पाहिले तर बिजागरी घट्ट झाली होती. मोठा पडदा म्हणजे जास्त वजन, आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडले की सारा जोर एकाच बिजागरीवर. तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते प्लास्टिकमधून उपटून आले होते, आणि शेजारून जाणारी केबल चिरडली गेली होती.

म्हणून वापरलेला माल घेताना झाकण दहा वेळा उघडून मिटून पाहा. करकर आली किंवा खालची कड फाकली तर घेऊ नका. अर्धा तास सिनेमा चालवून पंख्याचा आवाज ऐका. पडदा खालून आणि बाजूने पाहा. स्वस्त पॅनेलमध्ये रंग उलटे दिसू लागतात. पलंगावर पडून पाहणाऱ्याला हा दोष फार जाचतो.

एक हिशेबही करावा. १७.३ इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. रुंदी भरते सुमारे ३८ सें.मी., आणि रुंद पट्टीचा सिनेमा लावला की वर-खाली काळे पट्टे पडून चित्राची उंची जेमतेम १६ सें.मी. उरते. ३२ इंची टी.व्ही.वर तीच जवळपास ३० सें.मी. असते. ज्याला यंत्र हलवायचे नाही त्याने सरळ टी.व्ही. घ्यावा, हे आम्हाला कोणत्याही दुकानदाराने सांगितले नाही.

केबल बदलली, नट नव्याने बसवले, बिजागरी सैल केली. खर्च बोर्डाच्या दहाव्या हिश्श्याइतका आला. अम्मी आता पुन्हा आपल्या खोलीत सिनेमे पाहतात. झाकण उघडायचे ते दोन्ही हातांनी, मधोमध धरून, असे नातवंडांना बजावले आहे.