आकाशयुद्धाचे दप्तर

संक्रांत होऊन तीन दिवस लोटले होते. धान निघून गेलेल्या बांधीत लाखोरी उभी असते असे ते दिवस. रात्रभर जागल करून शेतावरून परतणारा आमच्या कोंढ्याचा एखादा माणूस अंगावरची घोंगडी सावरीत पहाटे साडेपाचला गावात शिरत असेल, त्याच घटकेला बगदादच्या घड्याळात रात्रीचे तीन वाजत होते, आणि त्या नगरीच्या दूरध्वनी केंद्रावर, रडारला सहसा न दिसणाऱ्या काळ्या विमानांतून, पहिले बॉम्ब पडत होते. तारीख होती १७ जानेवारी १९९१.

कारण सर्वश्रुत आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेनच्या फौजांनी कुवेत गिळंकृत केले. तेथून निघून जाण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने १५ जानेवारीची मुदत घालून दिली. मुदत सरली आणि अमेरिकेच्या पुढाकाराने जमलेल्या तीसहून अधिक राष्ट्रांच्या आघाडीने शस्त्र उचलले.

परंतु आघात करण्यापूर्वी शत्रूला अंध आणि बधिर करावे, हे जे त्या रात्रीचे सूत्र होते, ते समजून घेण्याजोगे आहे. इराकपाशी फ्रेंच तंत्रज्ञांनी उभारून दिलेली हवाई संरक्षणाची एक यंत्रणा होती, आणि तिचे नाव होते ‘कारी’, म्हणजे फ्रेंच स्पेलिंगमधील ‘इराक’ उलट्या क्रमाने वाचला तर जे होईल ते! गावच्या कोतवालाने चावडीवर वर्दी द्यावी तद्वत सरहद्दीवरील रडारांनी आकाशात जे दिसेल ते पाठीमागच्या केंद्रांना कळवावे आणि तेथून तोफांना व क्षेपणास्त्रांना हुकूम सुटावेत, अशी तिची घडण. म्हणून तीन वाजण्यास बावीस मिनिटे कमी असताना अमेरिकन हेलिकॉप्टरांची एक तुकडी वाळवंटातून जमिनीलगत उडत आली आणि सौदी अरेबियालगतच्या सरहद्दीवरील दोन रडारठाणी तिने काही मिनिटांत जमीनदोस्त केली. त्या खिंडारातून पुढची विमाने आत शिरली. पुढे तर याहून कपटी युक्ती झाली. वैमानिकरहित खोटी विमाने आकाशात सोडण्यात आली. त्यांना खरी समजून इराकी रडारे जागी झाली, आणि रडारच्याच लहरींचा माग काढीत येणाऱ्या क्षेपणास्त्रांनी त्यांचा नाश केला. जागणाऱ्याला त्याच्या जागेपणानेच मारावे, असा हा प्रकार.

लोकांच्या स्मरणात राहिली ती दूरदर्शनच्या पडद्यावरील हिरवट आतषबाजी; मला मात्र या साऱ्या पराक्रमात अधिक विस्मयकारक वाटते ते त्यामागचे दप्तर. सौदी राजधानी रियाध येथे आघाडीच्या हवाई मोहिमेचे सेनापती जनरल हॉर्नर यांच्या कचेरीतून रोज एक हुकूमनामा निघे, शेकडो पृष्ठांचा. कोणते विमान कोठून, किती वाजता उडेल, वाटेत कोणत्या टँकर विमानापासून किती उंचीवर इंधन घेईल, कोणता बॉम्ब कोठे टाकील, याचा बारीकसारीक तपशील त्यात असे, कारण एका आकाशात अनेक राष्ट्रांची शेकडो विमाने वावरत असताना शत्रूपेक्षा परस्परांचीच भीती अधिक. गंमत अशी की हा दस्तऐवज विमानवाहू जहाजांवरील यंत्रांना थेट घेता येत नसे, म्हणून तो रोज विमानाने जहाजांवर पोचविला जाई. बिनतारी युगातील जासूद! याच वेळापत्रकाच्या जोरावर अमेरिकेतील लुइझियाना प्रांतातून निघालेली सात अजस्र बी-५२ विमाने दूरवरून पस्तीस क्षेपणास्त्रे सोडून, सुमारे पस्तीस तासांचा अखंड प्रवास करून स्वस्थानी परतली.

अशा युद्धाला रसद लागते, आणि त्या रसदीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९९०च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, आखातात अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना एअर इंडियाने मुख्यत्वे अम्मानहून आणले, तेव्हा आयुष्याची कमाई मागे टाकून आलेली कुटुंबे मुंबईच्या सहार विमानतळावर उतरत होती. आणि जानेवारीत त्याच मुंबईत, तसेच आग्रा व मद्रास येथे, आखाताकडे निघालेली अमेरिकन लष्करी मालवाहू विमाने इंधन भरून घेत होती. चंद्रशेखर सरकारने दिलेली ही परवानगी उघडकीस येताच अलिप्ततावादाच्या नावाने गहजब झाला; ज्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर ते सरकार तगून होते तिच्या नेत्याने, राजीव गांधींनी, हरकत घेतली; आणि फेब्रुवारीत ती तजवीज बंद पडली. तोवर निम्मे युद्ध उरकले होते.

बॉम्ब खिडकीतून अचूक आत शिरल्याची चित्रे जगाने पाहिली, पण त्या मोहिमेत टाकलेल्या एकूण बॉम्बच्या वजनात असे मार्गदर्शित बॉम्ब दहा टक्क्यांहूनही कमी होते. आणि अचूकतेलाही डोळे कोणाचे, हा प्रश्न उरतोच. १३ फेब्रुवारीच्या पहाटे बगदादच्या अमिरिया भागातील एका काँक्रीटच्या आश्रयस्थानावर दोन बॉम्ब नेमके, इच्छिलेल्या जागी पडले. आघाडीच्या दप्तरात ते लष्करी केंद्र म्हणून नोंदलेले होते. आत निजलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची नोंद त्यात नव्हती. चारशेहून अधिक जीव गेले. त्यानंतर बगदादवरील हल्ले एकाएकी विरळ झाले, आणि त्या शहरातील लक्ष्यांचे कागद आधी वरिष्ठांच्या मेजावर जाऊ लागले.