सैतान साखळदंडात, मग चूक कुणाची?

रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'जाने दो, उसको रोजा लग रहा है.' दुपारी चारनंतर कुणी गिऱ्हाइकावर खेकसतं, कुणी रिक्षावाल्याशी हुज्जत घालतं, कुणी घरात पोरांवर डाफरतं. मग आजूबाजूचे हे वाक्य बोलतात आणि विषय संपतो. 'रोजा लागणं' म्हणजे भुकेल्या-तहानलेल्या जिवाची चिडचिड होणं. मीही हे वाक्य स्वतःसाठी कितीतरी वेळा वापरलं आहे, गेल्या वर्षीच्या रमजानपर्यंत.

मार्च महिना होता, परीक्षा तोंडावर आलेल्या. एका ट्रस्टकडून गरजू विद्यार्थ्यांना फीसाठी मदत मिळते. त्या अर्जावर प्राध्यापकाची शिफारस आणि सही लागते. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी अर्ज घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. चार वाजून गेले होते. पहाटे साडेपाचच्या आत सहेरी झालेली, इफ्तारला अजून अडीच तास. दिवसभर चहा नाही म्हणून डोकं दुखत होतं आणि समोर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तिनं 'सर, एक सही...' एवढंच म्हटलं. मी मान वर न करता आवाज चढवून म्हणालो, 'उद्या ये. रोजा आहे माझा.' ती 'बरं सर' म्हणून निघून गेली.

अर्जाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही दिली, पण ट्रस्टनं अर्ज घेतला नाही. त्यांचा नियम होता, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सही करायला मला दोन मिनिटं लागली असती.

हे कळल्यावर माझ्या मनानं पहिल्यांदा काय केलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. कारणं शोधली. शेवटचा दिवस आहे हे तिनं सांगायला नको का? इतके दिवस काय करत होती? कामाचा बोजा किती, ऊन किती! आणि सगळ्यात भक्कम कारण, रोजा. यातलं एकही कारण तसं खोटं नव्हतं. म्हणूनच त्यांच्या आड लपणं सोपं होतं.

त्या रात्री तरावीहच्या नमाजनंतर मौलानांनी छोटंसं बयान केलं. पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक प्रसिद्ध हदीस आहे. रमजान आला की जन्नतचे दरवाजे उघडले जातात, जहन्नमचे बंद होतात आणि सैतानांना साखळदंडात जखडलं जातं. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलोय. या वेळी मात्र ती ऐकून अंगावर काटा आला. एरवी आपण म्हणतो, सैतानानं बहकवलं. पण या महिन्यात तो कैदेत आहे. मग माझ्या तोंडून जे निघालं, ते कुणाचं? हदीसचे अर्थ आलिमांनी वेगवेगळे सांगितले आहेत. मला त्या रात्री तिच्यातून एवढा एकच प्रश्न ऐकू आला.

कुरआनातही हा मुद्दा स्पष्ट आहे. सूरह इब्राहीममध्ये कयामतच्या दिवसाचं वर्णन येतं. तिथे सैतान स्वतःच आपल्या मागे गेलेल्यांना सांगतो की, माझी तुमच्यावर काही जबरदस्ती नव्हती, मी फक्त बोलावलं आणि तुम्ही आलात, तेव्हा मला नव्हे, स्वतःला दोष द्या. आणि सूरह आराफमधली हजरत आदमची कथा पाहा. इब्लीसनं हुकूम मोडला आणि ठपका थेट अल्लाहवर ठेवला, तूच मला बहकवलंस म्हणून. आदम आणि हव्वा यांच्याकडूनही चूक झाली, पण त्यांनी कबूल केलं की, आम्हीच आमच्यावर अन्याय केला. चूक दोन्हीकडे झाली होती. फरक पडला तो चुकीनंतरच्या बोलण्यात.

रोजाचे नियमही याच पायावर उभे आहेत. विसरून कुणी पाणी प्यालं, तर रोजा तुटत नाही. सहेरीची वेळ आहे असं समजून चुकून वेळेनंतर खाल्लं, तर त्या दिवसाच्या बदल्यात पुढे एक रोजा ठेवावा लागतो. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, पण सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. ज्याला आता कधीच जमणार नाही, त्यानं प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचं. आणि जाणूनबुजून रोजा तोडला, तर हनफी मताप्रमाणे भरपाई मोठी, सलग साठ रोजे किंवा ते शक्य नसेल तर साठ गरिबांना दोन वेळचं जेवण. खरी अडचण आणि बहाणा यांत इथे बारकाईनं फरक केला आहे. शिवाय, आपली अडचण यांपैकी कोणती, हे बंद खोलीत पाण्याच्या ग्लासासमोर उभं राहून ज्यानं त्यानंच ठरवायचं असतं. बघायला दुसरं कुणी नसतं.

आता माझंच वाक्य बघा, 'रोजा आहे माझा.' हे वाक्यही हदीसमध्ये सांगितलेलं आहे, पण कशासाठी? कुणी शिवी दिली, भांडायला आलं, तर रोजेदारानं म्हणावं की मी रोजाने आहे. म्हणजे ते स्वतःला आवरण्यासाठी आहे. मी ते दुसऱ्याला झटकण्यासाठी वापरलं होतं.

इस्लाममध्ये माणसांचे एकमेकांवरचे हक्क, म्हणजे 'हुकूकुल इबाद', वेगळे मोजले जातात. नमाज-रोजातली उणीव अल्लाह माफ करू शकतो, पण माणसाचं केलेलं नुकसान त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावं लागतं. दोन दिवसांनी मी तिला बोलावलं आणि चूक माझी होती असं सांगितलं. ती हसून म्हणाली, 'असू द्या सर, तुमचा रोजा होता ना. आमच्या आईचंही नवरात्रात असंच होतं.'

किती सहज मोकळं केलं तिनं मला! पण माझी चूक ती माझ्या रोजाच्या खात्यावर टाकत होती, आणि ते मला मान्य करता येईना. मी म्हणालो, 'बाळा, रोजानं तुला परत पाठवलं नाही. मी पाठवलं.'

फीचे साडेचार हजार द्यायचं ठरवलं तेव्हा मनानं शेवटची पळवाट काढली. रमजानची जकात काढायचीच आहे, त्यातूनच देऊ. पण जकात हे आधीच माझ्यावर असलेलं देणं. माझ्या चुकीची भरपाई हे दुसरं देणं. एकाच पैशात दोन देणी कशी फिटणार? पैसे पगारातून वेगळे काढले. तिच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान आहे. ते घेईनात. 'ही मदत नाही, नुकसानभरपाई आहे,' असं सांगितल्यावर घेतले.

रोजाचंच निमित्त लागतं असं नाही. कुणाचं बीपी, कुणाचा साहेब, कुणाची ट्रॅफिक. अडचणी खऱ्याच असतात. पण त्या अडचणीत आपण काय बोललो, काय केलं, ते आपलंच असतं.

यंदाच्या रमजानमध्ये सह्यांची कामं मी सकाळीच उरकतो. चारनंतर कुणी कागद घेऊन आलं तर आधी विचारतो, 'शेवटची तारीख कधी आहे?' आणि या पानाच्या हिंदू, जैन, बौद्ध, ख्रिस्ती वाचकांना एक विनंती. दुपारनंतर एखादा रोजेदार तुमच्यावर उगाच खेकसला, तर 'रोजा असेल बिचाऱ्याचा' म्हणून सोडून देऊ नका. हळूच आठवण करून द्या, 'भाई, रोजा आहे ना तुमचा?'