गोधडी वर्षातून एकदाच धुवायची का?

पितृपक्ष सरत आला की फुलंब्री तालुक्यात घरोघरी बाजा रिकाम्या होऊ लागतात. गोधड्या, वाकळी, सतरंज्या, चादरी, उशांचे अभ्रे यांची गाठोडी बांधली जातात. मग गिरिजा नदीच्या पात्रात, तलावाच्या काठी, विहिरीवर किंवा बोअरच्या पाण्यावर धुण्याचा दिवस ठरतो. घटस्थापनेआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन निघालेच पाहिजे, हा मराठवाड्यातला जुना दंडक आहे.

तिकडे छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला जातो. दिवाणखान्यातला गालिचा मशीनवाल्याला बोलावून किती दिवसांनी धुऊन घ्यावा? सहा महिन्यांनी, वर्षाने की डाग पडला की? गोधडी आणि गालिचा या दिसायला लांबच्या वस्तू. पण दोन्हींत धूळ, ओल आणि अंगाचा मळ सारखाच साठतो आणि त्यावर जगणारा जीवही एकच आहे.

धुळीत राहणारा किडा

या जिवाला सोप्या भाषेत धूळकिडा म्हणता येईल. तो कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा. लांबी मिलिमीटरचा एक चतुर्थांश किंवा त्याच्या आसपास, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ढेकणासारखा तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज जी त्वचेची बारीक पापुद्री झडते, ती त्याचे अन्न. माणूस रात्री सात-आठ तास जिथे झोपतो, तिथे हे अन्न भरपूर मिळते. म्हणून गादी, उशी आणि गोधडी ही त्याची आवडती घरे. जाड लवीचा गालिचा आणि कापडी सोफा हीसुद्धा.

त्रास किड्यापेक्षा त्याच्या विष्ठेचा जास्त. एक किडा दिवसाला साधारण वीस कण टाकतो. त्या कणांत त्याच्या आतड्यातली पाचक द्रव्ये असतात. अंथरूण झटकले की हे कण हवेत उडतात, श्वासावाटे नाकात आणि छातीत जातात. ज्यांच्या शरीराला त्यांचे वावडे असते, त्यांना सकाळी उठल्या-उठल्या एकामागून एक शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे, अंगाला खाज आणि काहींना दम लागणे असा त्रास होतो. घरच्या धुळीतल्या या अ‍ॅलर्जीचे मूळ हा किडा आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडन येथील फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. त्याआधी डॉक्टर नुसतेच 'धुळीची अ‍ॅलर्जी' म्हणत. धुळीत नेमके काय, ते ठाऊक नव्हते.

आपल्याकडे अशा मुलाला 'याला बारा महिने सर्दीच असते' म्हणून सोडून दिले जाते. ताप नाही, शिंका मात्र रोज सकाळी, आणि पावसाळ्यात व त्यानंतर त्रास वाढतो, असे दिसत असेल तर ती सर्दी नसण्याची शक्यता मोठी. रात्री खोकल्याने झोपमोड होणे किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येणे, हे दम्याचे लक्षण असू शकते.

मराठवाड्याची हवा आणि नवरात्राचा मुहूर्त

धूळकिडा पाणी पीत नाही. हवेतली ओल तो अंगात शोषून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. ६५-७० टक्क्यांच्या पुढे आणि २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर त्याची भरभराट होते. अशा हवेत अंडे ते पूर्ण वाढलेला किडा हा प्रवास साधारण महिन्याभरात होतो.

आता आपल्या जिल्ह्याची हवा पाहा. उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि पारा चाळिशीला जातो. धूळकिड्यांसाठी हा दुष्काळच. पावसाळ्यात मात्र आर्द्रता सत्तरच्या वर राहते. ऊन नसते, अंथरुणे दमट राहतात. जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत किड्यांच्या तीन पिढ्या होऊ शकतात. म्हणजे भाद्रपद संपताना गोधड्यांत किडे आणि त्यांची घाण सर्वांत जास्त असणार. नेमक्या त्याच वेळी, पाणी भरपूर असताना आणि ऑक्टोबरचे कडक ऊन सुरू होताना, आपल्याकडे सगळे अंथरूण बाहेर काढून धुतले जाते. ज्यांनी हा दंडक घातला त्यांना धूळकिडा माहीत नव्हता, पण ऋतू पक्का माहीत होता.

धुणे, बडवणे आणि ऊन

नदीवरच्या धुण्यात तीन कामे होतात आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

पहिले काम पाण्याचे. विष्ठेतली त्रासदायक द्रव्ये पाण्यात विरघळतात. साध्या थंड पाण्यात धुतले तरी त्यांतला ९० टक्क्यांहून अधिक भाग निघून जातो, असे १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र थंड पाण्याने किडे मरत नाहीत. ते आठही पायांनी धाग्यांना घट्ट धरून बसतात. ते मरायला पाणी किमान ५५ अंश गरम लागते.

दुसरे काम धोपाटण्याचे. बडवल्याने आतवर बसलेली घाण सुटून पाण्याबरोबर वाहून जाते.

तिसरे काम उन्हाचे, आणि गरम पाण्याची उणीव इथे भरून निघते. सिडनीच्या युअन टोव्ही आणि अ‍ॅन वूलकॉक यांनी १९९४ मध्ये पातळ गालिचे कडक उन्हात जमिनीवर पसरून पाहिले. गालिच्याचे तापमान ५५ अंशांपर्यंत गेले, आर्द्रता पार खाली आली आणि त्यातले सगळे किडे मेले. आपल्याकडे पत्र्यावर, धाब्यावर किंवा स्लॅबवर दिवसभर टाकलेल्या गोधडीचे याहून वेगळे होत नसावे. दुपारी ती एकदा उलटायला हवी, एवढेच. दोरीवर सावलीत वाळलेल्या गोधडीला हा फायदा मिळत नाही.

ऊन किडे मारते, पण त्यांची घाण नाहीशी करत नाही. म्हणून नुसते ऊन दाखवले तर नंतर गोधडी बाहेरच चांगली झटकावी. झटकताना उडालेले कण खाली बसायला अर्धा तास लागू शकतो. दमा किंवा शिंकांचा त्रास असलेल्याने हे काम करू नये. इतरांनीही नाका-तोंडाला रुमाल बांधावा.

टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात दहा गोधड्या धुणे शक्य नसते. तिथे कडक ऊन आणि झटकणे एवढेही पुष्कळ आहे. पाणी वाचवून ते उशीचे अभ्रे आणि चादरीसाठी वापरावे.

एकदाच पुरे का?

मुहूर्त बरोबर असला तरी वर्षातून एकदा धुणे पुरत नाही. नवरात्रात स्वच्छ झालेल्या गोधडीवर दुसऱ्याच रात्रीपासून पापुद्री साठू लागते. थंडीत आपण त्याच गोधडीत डोके खुपसून झोपतो. पण दर आठवड्याला गोधडी धुवा, हा सल्लाही कोणी पाळू शकणार नाही. तीन किलोची गोधडी ओली झाली की दुप्पट-तिप्पट जड होते, आणि ती पिळण्याचे काम बहुतेक घरांत एकट्या बाईच्या मनगटावर येते.

यावर जुनाच, स्वस्त उपाय आहे. गोधडीला खोळ घालावी. जुन्या सुती साडीची किंवा दाट विणीच्या कापडाची खोळ शिवली की पापुद्री, घाम आणि तेल खोळीवर राहते. खोळ आठवड्याला सहज धुता येते. उशीला अभ्रा आणि गादीला चादर घालतो, तेच गोधडीला.

घरात कुणाला त्रास असेल तर खोळ, चादर आणि अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. एक बादली उकळते पाणी आणि तेवढेच साधे पाणी मिसळले की साधारण ६० अंशांचे पाणी होते. त्यात कपडे बुडवून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये.

गालिच्याचे काय?

गालिच्याची अडचण ही की तो उचलून नदीवर नेता येत नाही, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला असेल तर उन्हातही टाकता येत नाही. व्हॅक्यूम क्लिनरने वरची धूळ निघते, खोलवरचे किडे मात्र निघत नाहीत. म्हणून मशीनने धुण्याची गरज पडते. त्यात गरम पाणी आणि साबण जोराने आत सोडून लगेच ओढून घेतात. अमेरिकेतील कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूट ही गालिचा-उद्योगाची संस्था १२ ते १८ महिन्यांतून एकदा असे धुणे सुचवते. रांगणारे मूल, पाळीव कुत्रे-मांजर किंवा खूप वावर असेल तर हे अंतर सहा महिने ते वर्षापर्यंत आणावे.

किती वेळा धुतला यापेक्षा किती लवकर वाळला, हे जास्त महत्त्वाचे. ओला गालिचा २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकला नाही तर त्यात बुरशी धरते, आणि बुरशीनेही दमा बळावतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गालिचा धुऊन घेऊ नये. ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल बरा. धुणाऱ्याला आधीच विचारावे: पाणी किती गरम असते, ते मशीनने ओढून घेणार का, वाळायला किती तास लागतील?

दम्याचा रुग्ण असलेल्या घरात झोपायच्या खोलीत गालिचा नसलेलाच चांगला. फरशी आणि ओले पोछे यांना तोड नाही. पातळ सतरंजी हवी तेव्हा उचलून उन्हात टाकता येते, हा तिचा मोठा गुण.

एक सावधगिरी

अंथरूण स्वच्छ ठेवले म्हणजे दमा बरा होतो, असा समज करून घेऊ नये. २००८ मध्ये डॅनिश संशोधकांनी ५४ चाचण्यांतील सुमारे ३,००० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. धूळकिडे कमी करण्याच्या उपायांनी दम्यात ठळक फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. याचा अर्थ धुणे व्यर्थ असा नाही. पण गोधड्या धुतल्या म्हणून डॉक्टरांनी दिलेला इनहेलर बंद करणे धोक्याचे आहे. महागडे फवारे आणि किडे मारणाऱ्या पावडरी घेण्यापूर्वीही हे लक्षात ठेवावे.

दुसरी सावधगिरी पाण्याची. पावसाळ्यानंतर नदी, तलाव, खदानी तुडुंब असतात आणि काठ निसरडे. भिजलेली जड गोधडी ओढताना तोल जातो. धुणे धुताना बुडाल्याच्या बातम्या याच दिवसांत येतात. एकटीने जाऊ नये, मुलांना काठावर मोकळे सोडू नये, खोल पाण्यात उतरून गोधडी खळबळू नये. एखाद्या घरी बोअरला पाणी असेल तर चार घरांनी मिळून तिथेच धुणे काढलेले बरे.

किती दिवसांनी काय?

• अभ्रे, चादर, गोधडीची खोळ: आठवड्यातून एकदा धुवावी.
• सोलापुरी चादर, पातळ पांघरूण: महिन्यातून एकदा, त्रास असलेल्यांसाठी पंधरा दिवसांनी.
• गोधडी, वाकळ: वर्षातून दोनदा, नवरात्राआधी आणि मार्च-एप्रिलमध्ये. एरवी महिन्यातून एकदा दिवसभर ऊन.
• कापसाची गादी, उशी: महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी ऊन. जाड गादीच्या गाभ्यापर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून गाठी झाल्या की कापूस पिंजून घ्यावा, खोळ धुवावी.
• सतरंजी, जाजम: आठवड्याला बाहेर झटकून ऊन, दोन-तीन महिन्यांनी धुणे.
• गालिचा: आठवड्याला व्हॅक्यूम, १२ ते १८ महिन्यांनी मशीनचे धुणे, आणि दोन दिवसांच्या आत कोरडा.