केवळ ऐकणारे यंत्र : परदेशी सायकलप्रवासात जीपीएसची नोंद

परदेशी निघालेल्या सायकलस्वाराच्या मनात हल्ली एक शंका हमखास असते. खिशातील स्मार्टफोन प्रवासाचा मार्ग, अंतर आणि वेग टिपून ठेवू शकतो, हे त्यास ठाऊक असते. परंतु परक्या देशात हे काम चालू ठेवले तर बिल किती येईल, या धास्तीने तो ही सोयच बंद करून टाकतो. त्याचे गणित असे : फोन उपग्रहाशी संपर्क साधणार, उपग्रह सहस्रावधी कोस दूर, आणि आपण तर दुसऱ्याच्या देशात, तेव्हा मिनिटागणिक पैसे पडणारच. हे गणित पहिल्याच पायरीवर चुकले आहे. फोन उपग्रहाशी संपर्क साधत नाही. तो उपग्रहाचे केवळ ऐकतो.

या चुकीचा थोडा दोष आम्हा अनुवादकांकडेही जातो. ‘उपग्रहाशी संपर्क’, ‘उपग्रहाकडे विचारणा’ असे शब्दप्रयोग लेखणीतून सहज उतरतात. वाक्य सुबोध होते, आणि अर्थ मात्र उलटा होतो. घरी आकाशवाणीवरील बातम्या ऐकताना आपण केंद्राकडे काही विचारणा करीत नाही. कोणत्या घरात कोण ऐकत आहे हे केंद्रास कळत नाही, आणि ऐकणारे दहा असोत वा दहा लाख, प्रक्षेपकावरील भार तिळमात्र वाढत नाही. जीपीएसची व्यवस्था नेमकी अशीच आहे.

अमेरिकेने या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला आणि १९९५ साली संपूर्ण व्यवस्था कार्यान्वित झाली. नागरी उपयोगाच्या संकेतांत प्रारंभी हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे. मे २००० मध्ये ती प्रथा बंद झाली, तेव्हा कोठे सायकलस्वारासारख्या सामान्य माणसास तिचा खरा लाभ होऊ लागला. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून सुमारे दोन प्रदक्षिणा घालतात. प्रत्येकावर अणुघड्याळे असतात, आणि प्रत्येक उपग्रह अखंडपणे एकच घोषणा करीत असतो : मी अमुक उपग्रह, या क्षणी मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.

ही घोषणा प्रकाशवेगाने येते, तरीही तिला पृथ्वीवर पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. या विलंबास प्रकाशवेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर निघते. एका उपग्रहाचे अंतर कळले तर आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कोठेतरी आहोत, एवढेच समजते. तीन अंतरे मिळाली की जागा निश्चित व्हावी. परंतु येथे एक अडचण उभी राहते. फोनमधील घड्याळ अणुघड्याळ नसून स्फटिकाचे साधे घड्याळ आहे, आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूकदेखील अंतरात ३०० मीटरांची चूक निर्माण करते. म्हणून चौथा उपग्रह हवा. तीन अज्ञाते स्थानाची आणि चौथे फोनच्या घड्याळातील चुकीचे. चार समीकरणांतून चारही सुटतात. मोकळ्या आकाशाखाली सामान्य फोनचे स्थान अशा रीतीने साधारणपणे पाच मीटरांच्या आत बरोबर येते.

हा सारा हिशेब फोन स्वतःच करतो. त्यासाठी सिमकार्ड लागत नाही, कोणत्याही कंपनीचे जाळे लागत नाही आणि शुल्क तर नाहीच. उलट दिशेने काही पाठवावे, अशी त्या ग्राहकयंत्राची रचनाच नाही. उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती घरातील जुन्या दिव्याप्रमाणे काही दशक वॅटांचीच. जमिनीवर येईपर्यंत तिचा जो अंश फोनच्या वाट्यास येतो तो एका वॅटच्या कोट्यंशाचा पुन्हा कोट्यंश आणि त्याचाही सुमारे शंभरावा भाग! एवढा क्षीण स्वर ऐकू यावा, हेच नवल.

मग बिल येते ते कशाचे? ते येते नकाशाचे. फोनला मिळतात ते अक्षांश आणि रेखांश. त्यांच्याखाली दिसणारे रस्ते, नद्या आणि गावांची नावे ही बहुधा इंटरनेटवरून त्या त्या वेळी उतरवून घेतलेली असतात. शिवाय पडद्याआड छायाचित्रे पाठवणारी, अद्ययावत होणारी दहा अॅपे असतात, ती वेगळीच. म्हणून ‘नोंद’ आणि ‘नकाशा’ या दोन गोष्टी मनात प्रथम अलग केल्या पाहिजेत. पहिली परदेशातही विनामूल्य आहे. दुसरीची तरतूद घरूनच करावी. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या लोकनिर्मित नकाशावर आधारलेली ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स यांसारखी अॅपे संपूर्ण प्रदेशाचा नकाशा फोनमध्ये साठवून ठेवू देतात. तो उतरवून घेतला आणि डेटा रोमिंग बंद केले, की धास्तीचे कारण उरत नाही.

आता प्रत्यक्ष प्रवासास निघू. युरोपात सायकलस्वारांना अतिशय प्रिय असा एक मार्ग डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊ या गावापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथपर्यंत जातो. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. पासाऊ येथे डॅन्यूबला इन आणि इल्झ या दोन नद्या मिळतात, आणि गाव मागे पडते न पडते तोच नदीच दोन देशांची सीमा होते : काही अंतरापर्यंत डाव्या काठी जर्मनी, उजव्या काठी ऑस्ट्रिया. फोन कधी या देशाचे जाळे पकडतो, कधी त्या देशाचे. उपग्रहांना मात्र या सीमेचे सोयरसुतक नाही.

समजा, आपण कालच मुंबईहून विमानाने आलात आणि आज सकाळी पासाऊच्या जुन्या वस्तीतील अरुंद गल्लीत सायकलवर बसून नोंद सुरू केलीत. बराच वेळ स्थान सापडत नाही. यंत्र बिघडले असे वाटते. पण बिघडलेले काही नसते. उपग्रहाची घोषणा फार संथ असते : सेकंदाला अवघे ५० अंश, म्हणजे १,५०० अंशांचा एक संदेश पुरा होण्यास ३० सेकंद लागतात. घरी हे काम चटकन उरकते, कारण उपग्रहांच्या जागांचे कोष्टक फोन इंटरनेटवरून आधीच मिळवतो. येथे जाळे बंद आहे. जवळचे कोष्टक जुने आहे. आणि शेवटचे ज्ञात स्थान हजारो किलोमीटर दूरचे आहे. तेव्हा फोनला सारे मूळ स्वरातूनच ऐकावे लागते, आणि ऐकता ऐकता मध्येच भिंत आली की तेवढा संदेश पुन्हा पहिल्यापासून. उपाय साधा आहे. निवासस्थानाच्या वायफायवर असतानाच एकदा आपले स्थान पाहून घ्यावे. आणि तेही शक्य नसेल तर नदीकाठी मोकळ्यावर दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहावे. तेवढ्यात टायरमधील हवा पाहून होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण सवयीने ‘जीपीएस’ म्हणतो; वस्तुतः आजचा फोन रशियाच्या ग्लोनास, चीनच्या बैदू आणि युरोपच्या गॅलिलिओ या मालिकांचेही ऐकतो. गॅलिलिओचे एक नियंत्रणकेंद्र तर पासाऊ ज्या बव्हेरिया राज्यात आहे त्याच राज्यात, ओबरफाफनहोफेन येथे आहे. आपल्या भारताची नाविक ही मालिका भारत आणि त्याच्या सभोवारच्या सुमारे १,५०० किलोमीटरांच्या टापूसाठी रचलेली असल्यामुळे डॅन्यूबकाठी तिच्यावर विसंबता येणार नाही.

पासाऊपासून नदीमार्गे सुमारे ४० किलोमीटरांवर श्लोगेन येथे डॅन्यूब कठीण खडकाला अडून जवळजवळ उलट फिरते. दृश्य अप्रतिम आहे, आणि जीपीएसची परीक्षाही येथेच होते. दोन्ही बाजूंच्या वनाच्छादित उतारांमुळे आकाशाचा एक पट्टाच दिसतो. काही संकेत सरळ न येता उतारावर आपटून येतात, आणि त्यांचा जितका फेरा अधिक तितकी अंतरात चूक. सायंकाळी नोंद उघडून पाहिली तर आपण काही काळ नदीच्या पात्रातून सायकल चालवल्याचे दिसते! २०१८ पासून दोन कंप्रतांवर ऐकणारे फोन निघाले आहेत. ते परावर्तित संकेत बऱ्याच अंशी ओळखून टाकतात. परंतु पात्रातून जाणाऱ्या रेषेचे दुसरेही एक कारण असते, आणि ते आकाशात नसून खिशात आहे. विजेरी वाचवण्यासाठी फोन पडदा मिटल्यावर नोंदीचे अॅपच निजवून टाकतो. दहा मिनिटांनी ते जागे होते आणि दोन ठिपके सरळ रेषेने जोडते; वळणाचा सगळा फेरा नाहीसा होतो. या अॅपास बचतीच्या नियमातून वगळावे, हे घरीच करून ठेवण्याचे काम आहे. पडदा मात्र खुशाल मिटावा. विजेरी खातो तो मुख्यत्वे पडदाच.

अंतराच्या आकड्याकडेही थोडे डोळसपणे पाहावे. ताशी १८ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. दर सेकंदाला ठिपका घेतला तर वळणे नीट उमटतात. दर अर्ध्या मिनिटाला घेतला तर दीडशे मीटरांच्या सरळ रेषा होतात आणि अंतर कमी भरते. उलटपक्षी प्रत्येक ठिपक्यातील लहानशी चूक रेषेस नागमोडी करते आणि अंतर सरासरीने वाढवते, हे ऑस्ट्रियातीलच साल्झबुर्ग येथील संशोधकांनी २०१६ साली गणिताने दाखवून दिले आहे. कॉफीसाठी अर्धा तास थांबलात तरी ठिपके जागच्या जागी भटकत राहतात आणि न केलेला प्रवास पदरी पडतो. नावेतून पैलतीरी जाताना नोंद थांबवली नाही, तर नावाड्याचे श्रमही आपल्याच नावे जमा.

ताळा पाहण्याची एक सुरेख सोय डॅन्यूबने स्वतःच केली आहे. तिच्या काठी किलोमीटरांचे फलक आहेत. त्यांची मोजणी उगमापासून नसून काळ्या समुद्राजवळच्या सुलिना येथील मुखापासून होते, म्हणून प्रवाहाबरोबर जाताना आकडे उतरत जातात. पासाऊजवळ आकडा सुमारे २,२२६ असतो, व्हिएन्नातील राइखसब्रुक पुलापाशी सुमारे १,९२९. मेल्क ते क्रेम्स या द्राक्षमळ्यांच्या टापूत एखादा सरळ पट्टा पाहून, दोन फलकांमधील अंतर फोन किती सांगतो हे अवश्य पडताळून पाहावे.

उंचीचा आकडा मात्र सर्वांत कमी विश्वासाचा. उपग्रह उंची मोजतात ती समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या आकाराशी जुळणाऱ्या एका गणिती लंबगोलापासून. ऑस्ट्रियात समुद्रसपाटी या लंबगोलाच्या चाळीस मीटरांहून अधिक वर येते; मुंबईस ती साठ मीटरांहून अधिक खाली जाते. चांगले अॅप ही वजाबाकी करून देते. नाहीतर मुंबईच्या चौपाटीवर उभा असलेला मनुष्य समुद्राच्या तळाशी असल्याचे ठरते. त्यात भर म्हणजे उंचीतील चढउतार ठिपक्यागणिक बेरजेत जातात. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नदी एकंदरीत सव्वाशे-दीडशे मीटर उतरते. तरीही या सपाट मार्गावर शेकडो मीटर चढल्याचे प्रशस्तिपत्र फोन देऊ शकतो. ते मित्रांस दाखवण्यास हरकत नाही. स्वतः मानू नये.

आतापर्यंत आपण नाहक भीतीविषयी बोललो. याच गैरसमजाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. फोन उपग्रहाशी ‘संपर्कात’ आहे असे मानणाऱ्या मनुष्यास वाटते की, आपण कोठे आहोत हे वर कोणास तरी ठाऊक आहे. वाट चुकलो, पडलो, तर कोणी शोधत येईल. तसे कोणी नसते. फोनला आपले स्थान कळणे आणि ते दुसऱ्यास कळणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी जाळेच लागते. २०२२ पासून काही फोनांत उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवण्याची सोय आली आहे. परंतु ती जीपीएसहून निराळी व्यवस्था असून ठरावीक देशांतच चालते. युरोपात संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवावयाचा असतो. खर्च टाळावा म्हणून कित्येक प्रवासी सिमकार्डच काढून ठेवतात. जर्मनीत मात्र २००९ पासून सिमकार्ड नसलेल्या फोनवरून ११२ लागत नाही. म्हणून डेटा बंद करावा, कार्ड काढू नये. मदतनीसाशी बोलताना फोनच्या पडद्यावरील अक्षांश-रेखांश वाचून दाखवता येतात, आणि ते मात्र जाळे नसलेल्या ठिकाणीही आधीच कागदावर टिपून ठेवता येतात.

परत आल्यावर नोंद जीपीएक्स या साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून घ्यावी. तीत वेळ जागतिक प्रमाणवेळेने लिहिलेली असते. म्हणून उन्हाळ्यात पासाऊहून सकाळी ९ वाजता निघालेला प्रवास भारतातील संगणकावर दुपारी १२.३० चा दिसला तर गोंधळून जाऊ नये. आणि दुसऱ्यांस दाखवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ‘ट्रॅक’ या शब्दास मराठीत ‘माग’ असा जुना शब्द आहे, आणि माग काढणारा नेहमी दुसराच असतो. स्ट्राव्हा या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सदस्यांच्या नोंदी एकत्र करून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानी आले की, त्यात युद्धग्रस्त प्रदेशांतील सैनिकी तळांचे रस्तेदेखील उजळून निघाले आहेत. सामान्य प्रवाशाचा तळ म्हणजे त्याचे घर आणि त्याचा मुक्काम. नोंदीचा पहिला आणि शेवटचा काही शे मीटरांचा भाग कापून उरलेला भाग दाखवावा. अखंड प्रत आपल्यापाशी ठेवावी.